माळवद उतरल्यावर

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली, आणि तेव्हापासून धाराशिव-लातूर भागात 'माळवद', म्हणजे मातीचं सपाट छप्पर, म्हटलं की माणसं वर बघू लागली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा निजली होती. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं; भूकंपाला नाव त्याचं पडलं. पण सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी ही आपल्या धाराशिव जिल्ह्यातली गावंही त्याच पहाटे भुईसपाट झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला, इतर अंदाज दहा हजारांच्या जवळचे. देशाच्या भूकंप-नकाशात हा सगळा मुलूख तोवर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता. भूकंपही रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांत गणला जाईल असा नव्हता. मग इतकी माणसं गेली कशानं? उत्तर पहिल्याच आठवड्यात ठरलं: दगडमातीच्या घरांनी मारली. तो निकाल पुढं कोणी फारसा उघडून पाहिला नाही. तीस वर्षं उलटली, माळवदं एकेक करत उतरली. जी उरली आहेत ती उतरायच्या आत तो निकाल पुन्हा वाचायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

माळवदाचं घर खणांत मोजलं जायचं. पाच खणी, सात खणी, ऐपत असेल तर चौकाचा वाडा. आधी सुतार लाकडाचा सांगाडा उभा करायचा. दगडी उथळ्यांवर मेढी, मेढींवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि फळ्या, सगळं कुसू खाचेत बसवून सांधलेलं. छपराचा भार हा सांगाडा पेलायचा. भोवतीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. फळ्यांवर पाला-पाचोळ्याचा थर आणि त्यावर पांढरी माती. ही माती शेतातली नव्हे. ती जुन्या गावठाणाची किंवा पडक्या गढीची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतून झालेली. चांगली चोपली की ती पाणी मुरू देत नाही. मृगाच्या आधी घराघरांतून माळवदावर माती पडायची, चोपणी व्हायची, पन्हळी साफ व्हायच्या.

ढेळजेत आल्यागेल्याची बैठक, ओसरीवर सुपारी-अडकित्ता, आत बळदात ज्वारी, भिंतीतल्या देवळीत दिवा, छपरातल्या सवण्यातून चुलीवर पडणारा उजेडाचा पट्टा. वैशाखात बाहेर पारा बेचाळिसावर गेला तरी आत डोळा लागायचा. उन्हाळ्यात कुरडया-पापड माळवदावर वाळायचे आणि रात्री सगळं घर तिथंच झोपायला जायचं. शेजारच्या माळवदावर नुसतं पाऊल टाकून जाता यायचं, त्यामुळे बायकांचा अर्धा गाव रस्त्यावर न उतरता हिंडून व्हायचा. ही घरं गरिबीची खूण होती असं आज सर्रास बोललं जातं. ते मला मान्य नाही. या हवेत, या दगडात, या मातीत राहण्याचं ते पुरतं मुरलेलं शहाणपण होतं.

मग ती पडली का? अभियंत्यांनी नंतर ढिगाऱ्यांत हिंडून जे पाहिलं ते फार बोलकं आहे. भिंतीचे दोन पदर असतात, बाहेरचा आणि आतला. मधे दगडाचे तुकडे आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड मधूनमधून घातले नसतील, तर जमीन हलताच पदर सुटे होतात, बाहेरचा बाहेर आणि आतला आत कोसळतो. या भिंतींमध्ये असे जोडदगड नव्हतेच किंवा अगदी थोडे होते. दुसरं कारण छपराचं. नवी माती टाकण्याआधी जुनी खरवडून काढायची असते. ते कष्टाचं काम सुटलं आणि दर पावसाळ्याआधी नुसती भर पडत गेली. माळवद फुटाचं दीड फूट, काही घरांवर दोन फुटांच्याही वर जाड झालं. तिसरं, लाकूड महागलं तशी पुष्कळ घरांत मेढी गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या गेल्या. भिंत गेली की छप्पर खाली. उलट, जिथं लाकडी सांगाडा शाबूत आणि सलग होता, तिथं भिंती ढासळूनही कित्येक घरांची माळवदं मेढींवर तशीच उभी राहिली. म्हणजे मूळ रचना टिकली होती. तिच्यातलं जे कसब पिढ्यांच्या ओघात गळून गेलं होतं, त्याच जागी घर फुटलं.

विलक्षण गोष्ट अशी की त्याच 1993 सालात भारतीय मानक ब्युरोनं दगडमातीच्या कमकुवत बांधकामांना भूकंपात तगवण्यासाठीची संहिता छापली. दर दोन फूट उंचीवर, चार फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता आरपार दगड घाला, कोपरे बांधा, भिंतीवरून सलग पट्टा फिरवा. यातलं बहुतेक काम गावच्या गवंड्याच्या हातचं होतं.

पुनर्वसनाची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून इथं थोडक्यात. जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 ते 1998 या काळात प्रचंड काम झालं, आणि ज्या वेगानं लाखो माणसांच्या डोक्यावर छप्पर आलं त्याचं श्रेय नाकारता येणार नाही. नव्या जागी गेलेल्या गावांत जमीनधारणेनुसार अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात. गल्ली गेली, बोळ गेला, माळवदाला माळवद लागून असण्याचा प्रश्नच उरला नाही. चौकाऐवजी घराभोवती मोकळी जागा आली, आणि काही वर्षांतच माणसांनी तिथं पत्र्याच्या सपऱ्या टाकल्या, चुली मांडल्या, जनावरं बांधली. आराखड्यात जे राहून गेलं होतं ते लोकांनी पुन्हा स्वतःच उभं केलं.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती या कार्यक्रमाची कमी बोलली गेलेली बाजू. जिथं गाव हलवलं नाही तिथली सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. गावोगाव प्रात्यक्षिकं झाली: भिंतीत आरपार भोक पाडून त्यात काँक्रीटचा जोड कसा बसवायचा, माळवदावरची जादा माती कशी उतरवायची, मेढी-तुळईच्या कोनात आधार कसे ठोकायचे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं सुमारे बाराशे गावांत महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. ज्या बायकांना चावडीवर कोणी बसू देत नव्हतं त्या अभियंत्यांशी सळई आणि सिमेंटबद्दल बोलू लागल्या. माळवद वाचवण्याची एवढी मोठी संधी त्याआधी आली नव्हती, नंतरही आली नाही. ती हुकली. अनुदान हातात आल्यावर बहुतेक कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांना दोष कोण देईल? ज्यानं आपली माणसं दगडाखालून ओढून काढली, त्याला 'याच दगडात राहा' म्हणून सांगणं सोपं नव्हतं. पण जुनं घर मजबूत होऊ शकतं हे सांगणारी माणसं तीन-चार वर्षांनी निघून गेली, आणि घराबद्दलची भीती मात्र मुक्कामाला राहिली.

किल्लारीच्या भूकंपानंतर सव्वा वर्षानं, 17 जानेवारी 1995 ला, जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला. 6,400 हून अधिक माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक जुन्या लाकडी घरांखाली. कौलं मातीत बसवलेली, छप्पर जड, खालचा सांगाडा जुना. वाचताना आपल्याच गावाचं वर्णन वाटतं. जपाननं त्याच वर्षी जुन्या इमारती भूकंपासाठी मजबूत करण्याचा कायदा केला. जुनी घरं तिथंही पडतात, क्योटोतली लाकडी घरं आजही पाडली जातात. जपान म्हणजे स्वर्ग नव्हे. पण 1975 पासून तिथल्या कायद्यात एकेकट्या देवळा-किल्ल्याबरोबर साध्या माणसांच्या घरांची अख्खी आळी, अख्खं गाव जपण्याची तरतूद आहे. शिराकावा गावच्या लोकांनी त्याच्याही आधी, 1971 मध्ये, आपली उतरत्या गवती छपरांची घरं विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची नाहीत, पाडायची नाहीत असं आपसांत ठरवलं. तिथं छप्पर शाकारायला सगळं गाव एकमेकांच्या घरी राबतं, आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच. 1995 मध्ये युनेस्कोनं त्या गावाला जागतिक वारशात घेतलं, ते लोकांनी ठरवल्यानंतर चोवीस वर्षांनी.

आपल्याकडे 1960 चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्याच्या छायेत किल्ले येतात, देवळं येतात, लेणी येतात. सात खणी माळवद त्यात बसत नाही. म्हणून वाडा उतरला की त्याच्या मेढी आणि कोरीव चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. थायलंडमध्येही सागवानी घरं अशीच सुटी करता येतात; जिम थॉम्पसन या अमेरिकन माणसानं अशी सहा घरं आणून 1959 मध्ये बँकॉकच्या कालव्याकाठी एकत्र उभी केली, आणि आज ते घर लोक तिकीट काढून पाहतात. आपली लाकडं हॉटेलांच्या आणि फार्महाऊसच्या दारांत विखुरली. घर म्हणून ती कुठंच उभी राहिली नाहीत.

तेरला मात्र एक चौकट वाचली. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेलं तगर. इथल्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा आज रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. लामतुरे व्यापारी होते. पावसानं धुपलेल्या पांढरीतून वर येणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि तो संग्रह पुढं सरकारकडे आला. एका माणसाच्या ध्यासातून एवढं राहिलं. त्रिविक्रम मंदिर तर अजून उभंच आहे. ते विटांचं आहे, पण त्याचं गजपृष्ठाकार छप्पर लाकडी घराची आठवण ठेवून घडवलेलं आहे. ज्या सुतारांची लाकडी घरं कधीच मातीला मिळाली, त्यांच्या कामाचा नमुना या विटांमध्ये सापडतो. संत गोरोबाकाका कुंभारांच्या गावी मातीचं काम इतकं टिकावं, यात मला नवल वाटत नाही.

घरांचं असं झालं, कलांचं काय? इथं चित्र वेगळं आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तुळजापूरच्या देवीचे गोंधळी आजही संबळ वाजवतात. रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे यांनी या उपासकांवर आयुष्य वेचून लिहिलं, त्या लेखनाचं मोल मोठं आहे. पण गोंधळ पुस्तकांमुळे टिकलेला नाही. लग्न झालं की कुळाचा गोंधळ घालावाच लागतो, म्हणून तो टिकला. आराध्यांची परडी आणि पोत त्याच कारणानं. ज्या दिवशी गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी जात्यावरच्या ओवीची गरज संपली, आणि एका पिढीत ती ओठांवरून उतरली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या टिपून घेतल्या नसत्या तर आज शब्दही हाती राहिले नसते.

गरज असेल तरच काम टिकतं, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण तुळजापुरातच आहे. नवरात्र संपतं, देवी सीमोल्लंघनानंतर निद्रेला जाते, आणि त्यासाठी दरवर्षी नवा पलंग लागतो. तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावी सुतार घडवतात आणि नगरच्या वाटेनं तो पायी तुळजापूरला येतो. पालखीही दरवर्षी नवी, ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. जपानमध्ये इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात. 1993 च्या ऑक्टोबरमध्ये, किल्लारीचे ढिगारे उपसणं चालू असताना, तिथं एकसष्टावी खेप पार पडली. जगभरचे अभ्यासक ते बघायला जातात. आपल्याकडे तेच तत्त्व वर्षाला एकदा पाळलं जातं. जुना पलंग काचेत ठेवून भागलं असतं, तर घोडेगावच्या सुताराच्या मुलाला तो घडवता आला नसता.

माळवदाला अशी गरज कुणी ठेवली नाही. उलट सरकारी मोजणीत मातीच्या भिंतीचं घर 'कच्चं' ठरतं, आणि 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेचे एक लाख वीस हजार रुपये पक्कं घर नव्यानं बांधायला मिळतात. गरीब माणसानं काय करावं? तो माळवद उतरवतो, त्याच जागी स्लॅब टाकतो आणि उन्हाळ्यात रात्री अंगणात निजतो. जी माळवदं अजून आहेत त्यांतली बरीच म्हाताऱ्या माणसांची आहेत, चोपणी करणारे हात मुंबई-पुण्याला गेले आहेत, आणि मोठा पाऊस झाला की भिंत खचल्याची बातमी येते.

जपानच्या नोटो द्वीपकल्पात 1 जानेवारी 2024 ला भूकंप झाला, तेव्हा वाजिमा शहरात काळ्या कौलांची घरं आणि लाखकामाच्या कार्यशाळा एकाच वेळी गेल्या. तिथं लगेच पुढं आलेली चिंता होती ती कारागीर शहर सोडून जाण्याची. आपण 1993 मध्ये मृत मोजले, घरं मोजली, जनावरं मोजली. गवंडी आणि सुतार मोजले नाहीत. 1994 ते 98 मध्ये जोडदगड घालायला शिकलेली तरुण पोरं आज पन्नाशी-साठीची आहेत, उमरगा-लोहाऱ्याच्या गावांत राहतात आणि स्लॅबच्या कामावर जातात. घरकुलाच्या रकमेतला एक वाटा मालकाची इच्छा असेल तिथं जुनं माळवद हलकं करायला, भिंती बांधायला, मेढी बदलायला वापरू द्यावा, आणि हे काम त्या गवंड्यांच्या हाताखाली नव्या मुलांनी करावं. संहिता छापलेली आहे, दगड गावातच पडलेला आहे. ती माणसं अजून दहा-पंधरा वर्षं काम करू शकतील.