कर्ण की कृष्ण? टांकसाळीतल्या चुकांचा वऱ्हाडी दाखला

वणी तालुक्यातले राजूर म्हटले की कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या आठवतात. सातवाहनांच्या नाण्यांचा नकाशा मांडला तर हे गाव दोन मोठ्या ठेव्यांच्या दरम्यान येते. वर्धा नदीपलीकडे पूर्वीचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा. तिथला ठेवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांपुढे आला. पश्चिमेला मंगरूळपीरकडचे तऱ्हाळा; तिथे 1939 मध्ये सुमारे सोळाशे नाणी एकत्र सापडली. दोन्हीकडे पोटीनची, म्हणजे तांब्याच्या हिणकस मिश्रधातूची, नाणी: एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. उत्तरकालीन सातवाहन राजांची आपली यादी बरीचशी या नाण्यांवर उभी आहे. त्यामुळे टांकसाळीतली चूक ओळखण्याची विद्या आपल्याकडे केवळ संग्राहकांच्या हौसेची ठरत नाही. इथे तिच्यावर राजांची नावे अवलंबून आहेत.

ठसा मारताना काय होते ते एकदा लक्षात घेतले की वाद समजतो. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर धातूची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. चकती ठशापेक्षा लहान असली किंवा जरा सरकली, की लेखाचा काही भाग धातूवर उमटतच नाही. घाव दुहेरी बसला तर अक्षरे दुणावतात. आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याचीच खोलगट, उलटी प्रतिमा उठते. या साऱ्या घावाच्या चुका. प्रत्येक नाण्यापुरत्या वेगळ्या. ठसा कोरणाऱ्याने एखादे अक्षर गाळले असेल तर ती चूक त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येते. तिसरा प्रकार टांकसाळीबाहेरचा: झीज, छिन्नीचे घाव, आणि सापडल्यावर चिंच लावून केलेली घासाघीस. ही शेवटची सफाई पुराव्याचा खून आहे, कारण पहिल्या दोन प्रकारांतला फरक दाखवणाऱ्या बारीक कडा तिच्यातच जातात.

आता मूळ वाद. 1908 च्या आपल्या नाणेसूचीत नाणेतज्ज्ञ रॅप्सन यांनी चांद्याच्या ठेव्यातल्या काही नाण्यांचा राजा कृष्ण शातकर्णी मानला. नागपूरचे संस्कृत पंडित वासुदेव विष्णू मिराशी यांनी तऱ्हाळ्याचा ठेवा प्रसिद्ध केला, तेव्हा हे नाव कर्ण असल्याचे मांडले. शिवाय पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ आणि शक हे आणखी दोन शातकर्णी पुढे आणले. प्राकृतात कृष्णाचा ‘कण्ह’ होतो आणि कर्णाचा, द्वित्त न दाखवता लिहिला तर, ‘कण’. ब्राह्मीत जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली लटकते. म्हणजे एका राजाचे अस्तित्व ‘ण’च्या पायाशी ‘ह’ आहे की नाही एवढ्यावर येते. तो पाया चकतीबाहेर गेला असेल, तर नाणे या प्रश्नावर मुके आहे. त्याची साक्ष कोणत्याच बाजूने धरता येत नाही. ‘ण’च्या खाली कोरा धातू स्वच्छ दिसत असेल तरच ‘ह’ नव्हता असे म्हणता येते. मोठ्या ठेव्याचे मोल इथे कळते. एका नाण्यावर लेखाची सुरुवात उरते, दुसऱ्यावर मधला भाग, तिसऱ्यावर ‘सातकणिस’; आणि हे तुकडे एकमेकांवर ठेवून पूर्ण लेख उभा करता येतो. एकट्यादुकट्या नाण्यावरून राजा ठरवणे मला कधीच पटलेले नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ‘ह’ कोरायचाच राहिला असेल. शक्य आहे, पण मग तो एका ठशाचा दोष ठरेल. हत्तीच्या सोंडेचे वळण, सोंडेच्या टोकापासून पहिल्या अक्षराचे अंतर, अक्षरांमधली जागा यांवरून ठसे वेगळे ओळखता येतात. निरनिराळ्या ठशांवर तीच अनुपस्थिती दिसली तर तिला हातचूक म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नाणे ओतीव असेल आणि साचा दुसऱ्या नाण्यावरूनच घेतलेला असेल, तर एकाच घावाची चूक शेकडो प्रतींत उतरेल आणि संख्येचा आधार कोसळेल. पण ओतीव प्रत मूळ नाण्याची तुटकी बाजूही जशीच्या तशी घेते, शिवाय कडेला रस ओतल्याची खूण राहू शकते. लेख प्रत्येक नाण्यावर निराळ्या ठिकाणी कापला गेलेला असेल, तर तो घावाचाच पुरावा. म्हणजे घसरलेला ठसा, ज्याला आपण दोष म्हणतो, तोच इथे बनावटीची पद्धत सांगतो.

जे विचित्र दिसते ते सगळे चूक नसते, याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचे. 1906 मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची 13,250 चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र शातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. चेहऱ्यावर उमटलेली चिन्हे पाहून कुणी दुहेरी घाव म्हणेल, पण तो जेत्याचा हुकूम होता. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याबाबत, शिवराईबाबतही हेच. संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून मराठी वाचकांना ठाऊक असलेले जस्टिन अ‍ॅबट यांनी पंचवीस हजारांवर शिवराया तपासल्या आणि ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ असे पाठ नोंदले. यांना सरसकट अशुद्धलेखन म्हणणारे विसरतात की ही नाणी पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ ठिकठिकाणी पडत होती आणि लेखनाचा एकच नियम त्या काळी नव्हता. चूक ठरवायला आधी नियम लागतो. आजच्या नाण्यांना तो आहे, म्हणून सालाखालचा मुंबई टांकसाळीचे चौकट-चिन्ह किंवा हैदराबादचा तारा दोष म्हणून विकणे सरळ फसवणूक आहे.

तऱ्हाळ्याच्या तीन नव्या राजांचा दर्जा मात्र माझ्या मते सारखा नाही. कर्णाला चांद्याचा दुसरा, स्वतंत्र ठेवा पाठीशी आहे. शक शातकर्णीला काही अभ्यासक कान्हेरीच्या लेखातल्या माठरीपुत्र शकसेनाशी जोडतात, तेव्हा नाण्याबाहेरचा आधार मिळण्याची शक्यता तरी आहे. राहिली कुंभाची नाणी. ती एकाहून अधिक ठशांतून निघाली आहेत असे दाखवता आले तर तो राजा पक्का. सगळी एकाच ठशाची निघाली तर त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवणेच प्रामाणिक ठरेल.