सूर पोचविणारी तार

दरबारी गवयाच्या मुलाने तंबोऱ्याच्या तारा पारखाव्यात. माझ्यावर मात्र सुरतेत इंटरनेटची तार पारखण्याची पाळी आली. बडोद्याची एक शिष्या माझ्याकडे ऑनलाइन शिकते. “लय सोडतेस!” म्हणून मी तिला महिनाभर बोल लावले. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, “गुरुजी, मी तुमच्याबरोबरच गाते हो!” सुट्टीत ती समोर येऊन बसली, तेव्हा लय अचूक! माझा सूर तिच्याकडे उशिरा पोचे आणि तिचा परतताना आणखी उशीर होई.

मग कंपन्या धुंडाळल्या. जो तो डाउनलोडचे आकडे सांगे. चित्रपट पाहणाऱ्याला तेवढे पुरते. शिकविणाऱ्याला अपलोडही हवे, आणि गाण्याला वेगापेक्षा विलंब मोलाचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हा १०० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे शिष्येला ३४ मीटर दूर बसविणेच की!

म्हणून मी तीनच गोष्टी विचारल्या: अपलोड किती, संध्याकाळी शिकवणीच्या वेळी जोडणी स्थिर राहते का, आणि बिघाड झाल्यास माणूस कधी येतो? शेजाऱ्यांचा अनुभव ऐकून फायबर घेतले, संगणक वायफायऐवजी केबलने जोडला. विलंब घटला, पण संपला नाही. म्हणून आता आधी मी गातो, मग ती.

ज्याने त्याने आपल्या कामावरून जोडणी निवडावी, हे खरे. पण वाचकहो, शिष्येची क्षमा मागायला मला कोणत्याही तारेची वाट पाहावी लागली नाही. ती समोर बसली होती तेव्हाच मागितली.