ऑफिससाठी स्विच घेताय? आधी वॉट मोजा, मग डबा निवडा

आजचा विषय आहे ऑफिसातला तो डबा, ज्याच्याकडे एरवी कुणी ढुंकून बघत नाही आणि बंद पडला की सगळे त्याच्याभोवतीच गोळा होतात. नेटवर्क स्विच.

मी कोड लिहिणारा माणूस, नेटवर्कवाला नाही. पण वीस-पंचवीस जणांच्या ऑफिसात "तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा" हे ठरलेलंच. तर माझ्या आधीच्या ऑफिसात एका सोमवारी सकाळी अख्खं नेटवर्क झोपलं. वायफाय, प्रिंटर, हजेरीचं मशीन, सगळं. आम्ही इंटरनेटवाल्याला फोन लावून झापलं. बिचाऱ्याची लाइन ठणठणीत होती! दोन तासांनी स्विचपाशी गेलो, तर सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतायत. झालं असं होतं की, शनिवारी साफसफाई करताना कुणीतरी टेबलाखाली लोंबकळणारी केबल "निघालेली दिसतेय" म्हणून भिंतीतल्या सॉकेटात खोचली. तिचं दुसरं टोक आधीच शेजारच्या सॉकेटात होतं. म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये.

याला लूप म्हणतात. इंटरनेटवरच्या आयपी पॅकेटला आयुष्य ठरवून दिलेलं असतं. प्रत्येक राउटरवर ते एकने कमी होतं, शून्य झालं की पॅकेट टाकून देतात. इथरनेटच्या फ्रेमला अशी सोयच नाही. 'सगळ्यांना सांगा' छापाची ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, प्रत्येक फेरीला सगळ्या पोर्टांवर तिची प्रत जाते, आणि मागून नव्या येतच असतात. काही सेकंदांत रस्ता जाम.

यावरचा उपाय तसा जुना आहे. रेडिया पर्लमन या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल बनवला. स्विच एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, लूप दिसला की त्यातला एक पोर्ट अडवून ठेवतात. आजकाल त्याची वेगवान आवृत्ती असते, आरएसटीपी. स्वस्तातल्या बहुतेक अनमॅनेज्ड स्विचमध्ये ती नसते. म्हणून माझं स्पष्ट मत: घरी अनमॅनेज्ड चालेल, ऑफिसात मॅनेज्ड किंवा निदान स्मार्ट मॅनेज्ड घ्या. आणि सेटिंगमध्ये जाऊन आरएसटीपी चालू आहे का ते बघा, नुसतं खोक्यावर छापलेलं असून भागत नाही.

दुसरी गोची पीओईची, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणं. खोक्यावर लिहिलेलं असतं, 'प्रत्येक पोर्टला ३० वॉट'. आठ पोर्ट म्हणजे २४० वॉट, नाही का? नाही! पूर्ण स्विचचं एकूण बजेट वेगळं असतं, आणि ते कधीकधी ६५ वॉटच असतं. समजा सहा कॅमेरे आहेत, दिवसा प्रत्येकी ५ वॉट घेणारे, आणि दोन वायफाय अॅक्सेस पॉइंट, १३ वॉटचे. बेरीज ५६. मस्त बसतंय. पण अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, कॅमेरा ९ वॉटवर जातो, बेरीज होते ८०. मग स्विच काही पोर्टांची वीज तोडतो. म्हणजे ज्या रात्रीसाठी कॅमेरे लावले, नेमके रात्रीच ते बंद! म्हणून रात्रीचा आकडा धरून बेरीज करा आणि वर पाव हिस्सा मोकळा ठेवा.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. एवढ्या ऑफिसला गिगाबिट पुरे. त्यापेक्षा डबा कुठे ठेवताय ते बघा. बंद कपाटात फायलींच्या गठ्ठ्याखाली ठेवलात तर कुठलाही ब्रँड तापणारच. यूपीएसवर जोडा. आणि समोरच्या इमारतीत लाइन न्यायची असेल तर तांब्याची केबल नको, फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठे पडली, तर तांब्यातून झटका येऊन दोन्ही टोकांचे पोर्ट जळू शकतात. फायबरसाठी स्विचला एसएफपी खाच लागते, ती घेतानाच बघा.

नवा स्विच बसवला की शुक्रवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, एका केबलची दोन्ही टोकं त्यातच खोचा. मी खोचली होती, छातीत धडधड होत होती. एक दिवा अडवल्याच्या रंगात गेला, बाकी नेट चालू. मग केबल काढली आणि घरी गेलो.