नातेशब्दांपासून क्षेत्रकार्याकडे : सांस्कृतिक मानवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास

मराठीची पदवी घेतल्यानंतर सांस्कृतिक मानवशास्त्राकडे वळावे असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. प्रवेशाचे निकष विद्यापीठागणिक वेगळे असतात. ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत. येथे प्रश्न वेगळा आहे : मराठीच्या अभ्यासकाने या विषयात काय घेऊन जावे आणि तेथे नव्याने काय शिकावे?

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांना आपण ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’ यांच्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांचे शास्त्रीय शिक्षण मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे आणि पुढे बर्लिनमध्ये झाले. बर्लिनमधील प्रबंधाचा विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता. मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. ही असमानता वंशानुसार बदलते असे त्यांचे गृहीतक होते. मोजमापांत तसे काही आढळले नाही आणि कर्वे यांनी तसेच नोंदवले. पदव्युत्तर अभ्यासाचा पहिला धडा मला यातच दिसतो.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना शरीरमापनाच्या जोडीने त्यांनी भारतातील अनेक भाषांतले नातेशब्द गोळा केले. १९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आप्तसंबंधव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ या सामग्रीवर उभा आहे. महाराष्ट्र हा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील आप्तव्यवस्थांमधला संधिप्रदेश आहे, हे त्यांचे प्रतिपादन मराठीच्या विद्यार्थ्याला घरबसल्या तपासता येते.

‘मामंजी’ हा शब्द घ्या. सून सासऱ्याला मामंजी का म्हणते? उत्तरेत सर्वसाधारणपणे जवळच्या रक्तसंबंधात विवाह होत नाहीत. दक्षिणेत मामाच्या मुलीशी विवाह अनेक समाजांत प्रशस्त मानला जातो. महाराष्ट्रातही कित्येक जातींत ही चाल आहे. आता हाच विवाह वधूच्या बाजूने पाहा. तिचा नवरा तिचा आतेभाऊ. म्हणजे सासू ही तिची आत्या आणि सासरा हा आत्याचा नवरा. आत्याच्या नवऱ्याला मराठीत ‘मामा’ म्हणतात! काही समाजांत सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात, त्याचाही उलगडा येथेच होतो. दुसरीकडे ‘सासरा’ हा शब्द संस्कृत ‘श्वशुर’पासून आलेला, हिंदी ‘ससुर’चा सख्खा भाऊ. एकाच घरात बोलण्याचा शब्द दक्षिणेकडे बोट दाखवतो आणि सांगण्याचा शब्द उत्तरेकडे.

मात्र येथे भाषाभ्यासकाने थांबले पाहिजे. मामेबहिणीशी विवाह निषिद्ध मानणाऱ्या घरांतही ‘मामंजी’ ऐकू येतो. तो जुन्या चालीचा अवशेष असेल, शेजारच्या समाजाकडून घेतलेले आदरवाचक संबोधन असेल, किंवा आणखी काही. शब्द सापडला म्हणजे चाल सापडली असे नव्हे. कोणाचे लग्न प्रत्यक्षात कोणाशी झाले हे घरोघर विचारूनच कळते. रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा लोकांवरील ग्रंथात (१९०६) वापरलेली वंशावळ पद्धती याच कामासाठी आहे. ती वाचून येत नाही. दहा-पंधरा कुटुंबांच्या वंशावळी स्वतः मांडल्यावर येते. पदव्युत्तर वर्गात सिद्धान्तांचा इतिहास शिकवतात, परीक्षेपुरता तो पाठही होतो; खरा कस लागतो तो अशा क्षेत्रकार्यात.

पनवेल परिसरातील विद्यार्थ्याला क्षेत्र शोधत दूर जावे लागत नाही. कर्नाळ्याच्या आसपासच्या डोंगरपायथ्याला कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत, खाडीकाठी आगरी गावे आहेत. ‘कातकरी’ हे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले; धंदा सुटला, नाव राहिले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात या समाजाचे वर्णन आहे. ते प्रशासनाच्या सोयीसाठी लिहिलेले आहे आणि त्यातले शब्द लिहिणाऱ्याचे आहेत, कातकऱ्यांचे नाहीत. असे वर्णन वाचताना प्रत्येक विशेषणापाशी विचारावे : हे कोण म्हणाले, आणि कोणासमोर?

आपण स्वतः वर्णिलेल्या समाजातले असाल तर हा प्रश्न अधिक बोचरा होतो. घरच्या अभ्यासकाला भाषा येते, दारे उघडी असतात. पण जे सर्वांनाच ठाऊक आहे ते विचारणे त्याला अवघड जाते. आत्याला ‘तुम्ही सासूला काय म्हणत होता?’ असे विचारले की ती हसते, ‘तुला माहीत नाही का?’ म्हणते. ते हसणेही वहीत उतरवावे. मात्र ज्यांची माहिती आपण घेतो त्यांना ती कशासाठी हवी आहे हे आधी सांगावे, आणि त्यांनी नको म्हटलेले लिहू नये.

स्वाध्याय : आपल्या घरातील तीन पिढ्यांतील विवाहित स्त्रियांना सासू, सासरा, दीर, नणंद यांना त्या कसे हाक मारतात आणि इतरांशी बोलताना त्यांचा उल्लेख कसा करतात ते विचारा. हाक आणि उल्लेख यांसाठी वेगळे रकाने करा. प्रत्येकीचे माहेर कोणत्या तालुक्यातले आणि लग्नापूर्वी दोन्ही घरांत नाते होते का, हेही नोंदवा. धाकट्या पिढीत ‘मामंजी’च्या जागी ‘बाबा’ किंवा ‘पप्पा’ आला असल्यास तो कोणाच्या लग्नापासून आला, ते त्याच वंशावळीवर खूण करून दाखवा.