कचऱ्याच्या धंद्यात पैसा नेमका कुठे?

गैरसमज: कंपन्या कचरा विकून गब्बर होतात.

वस्तुस्थिती: पैसा कचरा विकून मिळत नाही, तो स्वीकारण्याचा मिळतो. अमेरिकेतल्या मोठ्या क्षेपणभूमीच्या दारातच वजनकाटा असतो. गाडी भरलेली तोलतात, रिकामी होऊन परतताना पुन्हा तोलतात आणि जितके टन ओतले त्याची फी लावतात. ही फी आणि घरोघरचा कचरा उचलण्याचे दीर्घ मुदतीचे करार, यांवर सगळा धंदा उभा आहे. १९८८ साली तिथे सुमारे ७,९०० क्षेपणभूमी होत्या; २००२पर्यंत त्या १,८००च्या आत आल्या. नियम कडक झाले, नव्या जागेला परवानगी मिळणं अवघड झालं. साहजिकच जुनी जागा ज्याच्या हाती, दरही त्याच्याच हाती.

भंगाराचा भाव मात्र बेभरवशाचा. चीनने २०१८मध्ये बाहेरचं टाकाऊ प्लास्टिक आणि मिश्र रद्दी घेणं थांबवलं, तेव्हा अमेरिकेत रद्दीचे भाव कोसळले आणि काही गावांनी पुनर्वापरासाठीचं संकलनच गुंडाळलं.

गैरसमज: गुंतवणूक वाढली म्हणजे नवे प्रकल्प उभे राहिले.

वस्तुस्थिती: अनेक मोठ्या व्यवहारांत फक्त मालक बदलतो. फ्रान्सच्या व्हेओलियाने २०२२मध्ये आपलीच जुनी स्पर्धक सुएझ ताब्यात घेतली. अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंटने २०२४मध्ये रुग्णालयांचा कचरा हाताळणारी स्टेरिसायकल ७२० कोटी डॉलरना विकत घेतली. असे आकडे वाचून जगाचा कचरा आटोक्यात येतोय, असं समजू नये.

गैरसमज: कचरा जाळून वीज केली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कचं तंत्रज्ञान आणून भट्टी बसवली, ती काही आठवड्यांतच बंद पडली. आपल्या कचऱ्यात भाजीपाल्याचे देठ, उरलंसुरलं अन्न आणि रस्त्यावरची माती. तो नीट पेटतच नाही.

गैरसमज: कचरा वाढेल तिथे भांडवल आपोआप येईल.

वस्तुस्थिती: हा समज मला सर्वांत घातक वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार जगातला शहरी घनकचरा २०२३मध्ये वर्षाला २१० कोटी टन होता. २०५०पर्यंत तो ३८० कोटी टनांवर जाईल. सर्वाधिक वेगाने तो वाढणार आहे सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि आपल्या दक्षिण आशियात. पण जगात २७० कोटी लोकांच्या दारातून कचरा उचललाच जात नाही. भांडवल जातं ते फी भरणारा असेल तिथे, आणि ही माणसं गरीब आहेत.

पुण्यात कचरावेचकांनी यावर वाट काढली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून त्यांना संघटित करत होती. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. इथे बहुसंख्य बाया. त्या दारोदार ओला-सुका कचरा घेतात, प्रत्येक घराकडून महिन्याची ठरलेली रक्कम घेतात आणि पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या निवडून भंगारवाल्याला विकतात. फी आणि भंगार, दोन्ही त्यांचंच. महापालिका जेव्हा हेच काम यंत्रं आणि गाड्यांसह एखाद्या कंपनीला द्यायला निघते, तेव्हा भंगारावरचा हक्क कोणाचा, हे करारात लिहिलंय का, ते मी आधी बघते.