मोसिन-नागांत: स्वस्त रायफलीबद्दलचे महागडे गैरसमज

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा रशिया आणि युक्रेनच्या कोठारांत दुसऱ्या महायुद्धातल्या रायफलींचे ढीग पडून होते. ते परदेशी व्यापाऱ्यांनी उचलले आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतल्या दुकानांत मोसिन-नागांत ही खरीखुरी फौजी रायफल शंभर डॉलरच्या आत मिळू लागली. झारच्या फौजेनं १८९१ मध्ये स्वीकारलेली, १९३० मध्ये सुधारलेली आणि स्टालिनग्राडला लढलेली बंदूक एका चांगल्या बुटांच्या जोडीच्या भावात! साहजिकच तिच्याभोवती दंतकथांचं रान माजलं. त्यातल्या काही निरुपद्रवी आहेत. काहींनी मात्र रायफलीही खराब होतात आणि माणसंही अडचणीत येतात.

पहिला गैरसमज भावाचाच. ‘मोसिन म्हणजे स्वस्त’ हे समीकरण अजून लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, पण ते दिवस सरले. कोठारं रिकामी होत गेली तसा भाव वर्षागणिक चढला आणि आज १९३० च्या सुधारित साध्या १८९१/३० मॉडेलला त्या काळाच्या कित्येक पट पैसे पडतात. काडतुसांची कथा तीच. पूर्वी ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा किरकोळ पैशांत मिळे. तो साठा आटला आणि २०२१ मध्ये अमेरिकेनं रशियन शस्त्रं व दारूगोळ्याच्या नव्या आयातीवर निर्बंध घातल्यावर नव्या स्वस्त मालाचाही ओघ तुटला. रायफलीची किंमत एकदाच मोजायची असते, खरा खर्च असतो तो तिला खाऊ घालण्याचा.

‘एवढी स्वस्त, म्हणजे टाकाऊच असणार’ हेही खरं नाही. भाव उतरला होता तो पुरवठा अफाट होता म्हणून. युद्ध संपल्यावर सोव्हिएत कारखान्यांनी लाखो रायफली उघडून तपासल्या, झिजलेले भाग बदलले, दस्त्यांवर लाखेचं लालसर पॉलिश चढवलं आणि कॉस्मोलीन नावाच्या घट्ट ग्रीसमध्ये बुडवून त्या ठेवून दिल्या. याच दुरुस्तीतून उलटा गैरसमज जन्मला: सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळले की रायफल मूळ अवस्थेतली. वास्तविक दुरुस्तीच्या वेळी बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) जुना क्रमांक खोडून तिथे नळीचा क्रमांक नव्यानं ठोकत. बोल्ट हातात घेऊन उजेडात तिरका धरा, खोडल्याची रेघ किंवा घासलेला सपाट पट्टा बहुधा दिसतोच. म्हणून क्रमांक कितीही जुळोत, पहिली गोळी झाडण्याआधी जाणत्या कारागिराकडून बोल्ट आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) यांतलं अंतर गेज लावून तपासून घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण या एका बाबतीत मी चांगल्या नळ्यांची माती झालेली पाहिली आहे. जुन्या सोव्हिएत काडतुसांना ‘गंज आणणारी’ म्हणतात. अनेकांना वाटतं की त्यातली दारूच आम्लासारखी नळी खाते. तसं काही नसतं. दोष असतो काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या टोपीत. तिच्यातलं पोटॅशियम क्लोरेट पेटल्यावर पोटॅशियम क्लोराइड मागे उरतं. तो एक साधा क्षार आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसा तो हवेतली ओल ओढून घेतो आणि त्या ओलीत पोलाद गंजतं. एकदा हे कळलं की उपायही कळतो. क्षार तेलात विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल फिरवलं तर आपण गंजावर पांघरूण घालतो. काचा पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्याचीही गरज नाही, कारण त्यातलं काम करतं ते पाणीच. क्षार उदासीन असतो, अमोनियानं त्याचं काहीच ‘मारलं’ जात नाही.

लागतं ते गरम पाणी आणि त्याच दिवशीची चिकाटी. रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा. बोल्ट काढा, नळी तोंडाकडे उतरती धरा आणि चेंबरच्या बाजूनं नरसाळ्यातून किटलीभर उकळतं पाणी ओता. पोलाद चटके बसतील इतकं तापतं, त्यामुळे आत राहिलेला ओलावाही लवकर उडून जातो. मग कोरड्या चिंध्या फिरवायच्या, आणि तेल सगळ्यात शेवटी. बोल्टचं तोंड लोक विसरतात. तेही धुवायचं असतं. हे उद्यावर टाकलं तर दमट हवेत एका रात्रीत तांबूस थर दिसू लागतो.

बोल्ट अडकतो, हातोडीनं ठोकावा लागतो, ‘रशियन रायफल अशीच असते’ हेही ऐकू येतं. बऱ्याचदा चेंबरमध्ये कॉस्मोलीनचा थर वाळून बसलेला असतो. चार गोळ्यांनी तो तापला की चिकट होतो आणि काडतुसाचं टरफल धरून ठेवतो. ब्रश आणि खनिज तेलाचा द्रावक घेऊन चेंबर नीट घासलं तर अनेक ‘बिघडलेल्या’ रायफली सुधारतात.

जुनं काडतूस चाप ओढूनही उडालं नाही तर ते लगेच बाहेर काढायची घाई जिवावर बेतू शकते, कारण टोपी उशिरा पेट घेऊ शकते. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा ते एक मिनिट थांबावं.

फिनलंडचा स्नायपर सिमो हायहा याचं नाव घेऊन ‘प्रत्येक मोसिन ही स्नायपर रायफल’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात त्यानं वापरलेली एम/२८-३० ही फिनलंडनं स्वतःच्या नळीसह, कडक निकषांवर बांधलेली आवृत्ती होती. सोव्हिएत स्नायपर रायफलीही अचूकतेच्या चाचणीतून निवडलेल्या असत. दुर्बीण बसवून नंतर बनवलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत. साध्या १८९१/३० ची नेमपट्टी तर संगीन चढवलेली आहे असं धरूनच जुळवलेली असे. संगिनीशिवाय गोळी बाजूला गेली तर दोष रायफलीचा नसतो.

‘जुना फौजी माल, त्याला कागदपत्रं कशाला?’ हा गैरसमज सगळ्यात जुना. १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डनं शिकागोच्या एका दुकानातून इटालियन कार्कानो रायफल खोट्या नावानं टपालानं मागवली. दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या त्याच रायफलीनं झाली आणि १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं सामान्य ग्राहकाला टपालानं बंदूक मागवण्याचा मार्ग बंद झाला. आज अमेरिकेत दुकानातून मोसिन घेताना नव्या बंदुकीसारखाच अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना असतो, त्यावर ती थेट घरी मागवता येतात. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

अमेरिकेच्या या बाजारात आपल्याकडचा, भारतातला फौजी मालही पोचला आहे आणि त्याच्याभोवतीही गैरसमज आहेत. १९६२ च्या चीन युद्धानंतर इच्छापूरच्या कारखान्यानं बनवलेल्या ७.६२ च्या ली-एनफिल्ड रायफली अमेरिकेत फौजी शिल्लक म्हणून विकल्या गेल्या. ‘जुन्या .३०३ काडतुसाच्या रायफलीचीच नळी बदललेली’ असं तिथले लोक म्हणतात, पण त्या मुळातच नव्या काडतुसासाठी घडवलेल्या आहेत. तिथल्या .३०३ च्या संग्राहकांना टरफलावर ‘के.एफ.’ असा शिक्काही भेटतो. तो पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा.

खुद्द भारतात मात्र अशा फौजी रायफलींचा हौशी बाजार नाही, आणि याचं कारण किंमत नव्हे. लष्करी .३०३ आणि ७.६२ ची काडतुसं ज्यांत चालतात त्या रायफली शस्त्रकायद्याखाली प्रतिबंधित बोअरच्या ठरतात. सामान्य परवान्यावर त्या मिळत नाहीत. आपल्याकडे परवानाधारकांच्या हाती .३१५ ची रायफल दिसते ती त्यामुळेच: तिच्यात लष्करी काडतूस बसत नाही. जुन्या वाड्यात आजोबांच्या काळची रायफल सापडली आणि तिच्या परवान्याची मुदत संपलेली असेल, तर ‘शोभेची वस्तू’ म्हणून ती भिंतीवर लावू नये. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती जपून ठेवावी. वारसांना पुढचा अर्ज करताना तीच लागते.