रिटर्न जॅकमधली पत्ती

गिटारवादक दुरुस्तीच्या दुकानात डिले पेडल घेऊन येतो तेव्हा निकाल त्याने घरीच लावलेला असतो. पेडल बिघडलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर काम करणारे काका ते पेडल हातात न घेताच विचारतात, "अँप आणलायस का?" व्हॉल्व्हचा जड अँप जिन्यावरून कोण आणणार? "मग उद्या आण. टॅक्सी कर, पण आण."

संपादकांनी मला जुन्या एको यंत्रांवर लिहायला सांगितलं होतं. तो इतिहास थोडक्यात असा. १९५९ साली अमेरिकेत माइक बॅटल यांचं एकोप्लेक्स आलं. ते आवाज टेपवर नोंदवून क्षणभराने परत ऐकवायचं. १९७४ मध्ये रोलंडचं स्पेस एको आलं, तेही टेपवरच. त्याआधीच, १९६९ मध्ये, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी टेपशिवाय आवाज लांबवायची युक्ती मांडली होती. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, तसा या युक्तीवर चालणाऱ्या चिपमधला विद्युतभार एका कपॅसिटरकडून पुढच्याकडे जातो. मात्सुशिताच्या एमएन ३००५ चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. घड्याळाचा वेग सेकंदाला १०,००० ठोके ठेवला, तर आवाज सुमारे २०५ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. ठोके संथ केले की उशीर वाढतो, पण वरचे स्वर गाळून टाकावे लागतात. १९८१ च्या बॉस डीएम-२ पेडलचा मऊ, किंचित धुरकट प्रतिध्वनी त्यातूनच येतो. १९८३ च्या डीडी-२ पासून छोट्या पेडलमध्ये डिजिटल डिले आला, आणि तो लखलखीत होता.

पण काकांना अँप का हवा असतो? गिटारच्या अँपचे दोन भाग असतात. पहिल्यात आवाजाला रंग आणि डिस्टॉर्शन मिळतं, दुसरा स्पीकर हलवण्याची ताकद देतो. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर विरत जाणारे प्रतिध्वनीही फुगतात. चौथा जवळजवळ पहिल्याइतकाच मोठा होतो आणि पुढच्या सुरावर चढून बसतो. म्हणून दोन भागांच्या मधोमध एक वाट काढलेली असते. सेंडमधून आवाज बाहेर येतो, पेडलमधून फिरतो आणि रिटर्नमधून आत जातो. हाच इफेक्ट्स लूप. त्याच्याशिवाय चालतच नाही असं मात्र नाही. यू-टू बँडच्या गिटारवादक एजने सुरुवातीच्या काळात मेमरी मॅन पेडल एसी-३० अँपच्या पुढेच लावलं आणि त्याचा तो प्रसिद्ध आवाज घडला.

या लूपमधली जी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटली, ती नखाएवढी आहे. लूपमध्ये काहीच जोडलेलं नसतं, तेव्हा पहिल्या भागातला आवाज दुसऱ्या भागात पोचतो कसा? बऱ्याच अँपमध्ये रिटर्न जॅकच्या आतली एक स्प्रिंगसारखी पत्ती तो पूल बांधते. प्लग घातला की पत्ती उचलली जाते, काढला की जागेवर बसते. ज्याने लूप कधी वापरलाच नाही, त्याच्या जॅकमध्ये ती वर्षानुवर्षं घासलीच जात नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. मग आवाज अचानक पडतो, पातळ होतो, आणि एखादा जोरकस कॉर्ड वाजवला की धाडकन परत येतो. वादक व्हॉल्व्ह बदलतो, पिकअप बदलतो, हजारो रुपये घालवतो.

काका वीतभर लांबीची पॅच केबल घेतात आणि सेंड थेट रिटर्नला जोडतात. आवाज ठणठणीत झाला, तर दोष पत्तीचा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर, आणि काम झालं. पॉलिश पेपरचं नाव काढलं की ते चिडतात. "मुलामा गेला की पत्ती मेली," असं त्यांचं म्हणणं. इतक्या स्वस्त, इतक्या निर्णायक चाचणीबद्दल मला फार आदर वाटतो. केबलने सगळं ठीक आणि पेडल लावल्यावरच बिघाड, असं झालं तरच ते पेडलकडे वळतात.

तिथून पुढचा रस्ता खडतर आहे. पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. काही लूप उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्टवर चालतात, तर काही अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्टवर. फरक जवळजवळ चौपट. गिटारसाठी बनवलेलं पेडल दुसऱ्या प्रकारच्या लूपमध्ये लावलं, तर हळू वाजवताना प्रतिध्वनी स्वच्छ येतो आणि जोरात वाजवलं की फाटतो. सेंडची पातळी खाली आणली की सुधारतो. त्यासाठीचं बटणच नसेल तर पेडल बदलावं लागतं.

दुसरी अडचण पॅरलल लूपची. त्यात मूळ आवाज अँपमधून सरळ जातोच, पेडलने फक्त प्रतिध्वनी द्यायचा असतो. पेडलनेही मूळ आवाज पाठवला आणि तो डिजिटल फेऱ्यात एक मिलिसेकंद जरी मागे पडला, तरी दोन्ही एकत्र आल्यावर ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खातात. गिटार पोकळ वाजते. पेडलचा मिक्स पूर्णपणे प्रतिध्वनीकडे फिरवला की ती भरते.

मला काळजी वाटते ती तिसऱ्या अडचणीची. पुढची पेडल्स आणि लूपमधला डिले एकाच अडॅप्टरवर चालवले, की ग्राउंडला दोन वाटा मिळतात आणि हमिंग सुरू होतं. डिले बॅटरीवर चालवून पाहायचा. हमिंग थांबलं तर वेगवेगळ्या आयसोलेटेड आउटपुटचा पॉवर सप्लाय घ्यायचा. तरीही राहिलं तर लूपच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. पोरं मात्र अँपच्या प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात, आणि हमिंग खरंच थांबतं! पण मग अँपमध्ये बिघाड झाल्यावर २३० व्होल्ट गिटारच्या तारांवर येऊ शकतात आणि ओठ असतात अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला टेकलेले. १९७२ मध्ये स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. तिथे अर्थिंगचा दोष मायक्रोफोनच्या बाजूला होता. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर असेलच असं नाही. काका गिऱ्हाइकाला आधी घरचं अर्थिंग तपासून घ्यायला सांगतात आणि पिन काढलेला अँप नवा प्लग बसवल्याशिवाय परत देत नाहीत.

एवढं सगळं चाळून झाल्यावर उरतात ती खरोखर मेलेली पेडल्स. मात्सुशिताने एमएन ३००५ बनवणं केव्हाच थांबवलं. तशाच चिप्स आता काही कंपन्या पुन्हा बनवतात, पण बाजारात जुनं नाव छापलेल्या नकलीही फिरतात. डीएम-२ च्या नंतरच्या आवृत्तीत एमएन ३२०५ आहे. तिचे टप्पे तेवढेच, पण ती ५ व्होल्टची, तर जुनी उणे १५ व्होल्टपर्यंत चालणारी. एकीच्या जागी दुसरी लावली तर नवी चिपही जाते. म्हणून काका पेडल उघडल्यावर आधी आतल्या चिपवरचा नंबर भिंगाने वाचतात, मग व्होल्टेज मोजतात, आणि चिप बसवल्यावर ऑसिलोस्कोपवर आवाजाची लाट दोन्ही बाजूंनी सारखी कापली जाईपर्यंत बायसचा ट्रिमर फिरवत राहतात.